विंगेतली टिकटिक

"घड्याळ कुणाचं वाजतंय?" दिग्दर्शकाने विचारलं, आणि तालमीच्या त्या लांबट खोलीत सगळे एकमेकांच्या मनगटांकडे बघायला लागले. तिसऱ्या अंकातली शांतता चालू होती. मुलगा नुकताच घर सोडून गेलेला, आईचं काम करणाऱ्या बाई बंद दाराशी उभ्या, आणि लेखकाने कंसात लिहून ठेवलेलं, 'बराच वेळ काहीच नाही.' त्या काहीच नाहीमध्ये काहीतरी वाजत होतं. बारीक, कोरडं, नखाने काचेवर मारावं तसं. विंगेत स्टुलावर बसलेल्या प्रॉम्प्टरने मनगट झाकलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. कुणी त्याच्याकडे बघितलंही नव्हतं, तरी तो चटकन म्हणाला, "माझं, माझं! सॉरी हं." त्याने मनगटावरचं घड्याळ सोडलं, मफलरमध्ये गुंडाळलं, मफलर पिशवीत कोंबला आणि पिशवी बाहेर पॅसेजमध्ये नेऊन ठेवली. एवढ्या इतमामाने एखाद्या घड्याळाची रवानगी कुणी केली नसेल. तो परत येऊन बसला. शांतता पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. टिक. टिक. टिक. "अजून आहे," दिग्दर्शक म्हणाला. "नळ गळत असेल," असं म्हणत कपडेपट सांभाळणारा मोरीकडे गेला. प्रॉम्प्टरने मांडीवरची संहिता उचलून छातीशी घट्ट धरली, श्वास रोखला. आवाज जरा दबला. नळ कोरडा ठणठणीत होता, पण तोवर तालमीची वेळ संपली आणि वेळ मारून नेता आली. फक्त बाई दाराशी तशाच उभ्या राहून त्याच्याकडे बघत होत्या.

काय करणार! आवाज त्याच्या आतून येत होता. चार महिन्यांपूर्वी त्याच्या हृदयातली एक झडप बदलली होती. डॉक्टरीणबाईंनी दोन प्रकार समोर ठेवले होते. एक जनावराच्या ऊतींची, गुपचूप काम करणारी, पण काही वर्षांनी पुन्हा बदलावी लागली असती. दुसरी यांत्रिक, जन्माला पुरणारी, पण रोज रक्त पातळ करायची गोळी घ्यायची आणि थोडा आवाज सहन करायचा. त्याने चपला घेताना विचारावं तसं विचारलं होतं, "टिकाऊ कुठली?" आणि आवाजाचं म्हणाल तर तो वर हसून म्हणाला होता, "बाईसाहेब, आवाज न करणं हाच माझा धंदा आहे." बायकोने तेव्हा कपाळाला हात लावला होता. शुद्धीवर आला तेव्हा घशातली नळी काढलेली, आवाज फुटत नव्हता, नुसती कुजबुज निघत होती. नर्स म्हणाली, घाबरू नका, येईल आवाज दोनचार दिवसांत. हा कशाला घाबरतोय? इतकी वर्षं पोट त्या कुजबुजीवरच तर भरलं होतं! नाटक मंडळीत सगळे त्याला कुजबुजरावच म्हणत. पण मग तिसऱ्या की चौथ्या दिवशी हृदयाने ताल सोडला. वासरू दावं तोडून धावावं तसं ते छातीत कुठेही उधळायला लागलं, आणि धावपळ झाली, सुया, तारा, पडदा ओढलेला, बायकोचे चष्म्याआडचे मोठे झालेले डोळे. औषधाने ते वळणावर आलं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी एकच गोष्ट पुनःपुन्हा बजावली. "पुन्हा ताल बिघडला, तर ताबडतोब निघून यायचं. उद्या बघू, चहा घेऊन निघू, असलं काही नाही. आत रक्ताची गुठळी झाली आणि ती डोक्यात गेली, तर मग माझ्या हातात काही राहणार नाही. कळलं?" कळलं, असं त्याने मान हलवून सांगितलं. मान हलवायला काय लागतं.

घरी बायकोला पहिले काही दिवस झोप लागली नाही. मग एकदा सकाळी चहा गाळता गाळता ती म्हणाली, "अहो, आयुष्यभर लोकांच्या कानात कुजबुजलात. मला कधी एक शब्द सांगितला नाहीत. आता तुमचं काळीज माझ्या कानाशी बोलतंय, म्हटलं बोलू दे." आणि ती हसली. दुसऱ्या खोलीत असली तरी ती अधूनमधून हातातलं काम थांबवायची, मान कलती करायची आणि पुन्हा कामाला लागायची. खोकताना छातीशी धरायला इस्पितळाने दिलेली एक कडक, चौकोनी उशी होती; तिला घरात 'सवत' म्हणायला लागले होते, कारण तो तिला कवटाळून बसायचा. घड्याळ-प्रकरणाच्या दुसऱ्या दिवशी तो ही उशी पिशवीत घालून तालमीला गेला. कुणी विचारलं तर सांगू, पाठ दुखते म्हणून. पाठीची उशी छातीवर कशी काय, हे कुणी विचारेल असं त्याच्या डोक्यातच आलं नाही.

त्या स्टुलावर बसलं की त्याला सगळे जुने स्टेज एकदम आठवत. खरं तर तो नट व्हायला आला होता. सगळ्यांची वाक्यं त्याला तोंडपाठ, आणि स्वतःवर उजेड पडला की सगळं स्वच्छ! "दुसऱ्याचं पाठ, स्वतःचं सपाट," असं तेव्हाचे मालक म्हणायचे. एका भूमिकेत त्याला फक्त पत्र आणून द्यायचं होतं. तो पत्र न देताच आत निघून आला, आणि नायिकेने न आलेलं पत्र वाचून रडायचं काम पार पाडलं. ती नायिका म्हणजे बाई. तेव्हा त्या बाई नव्हत्या, नवीनच उभी राहिलेली, उंच, घोगऱ्या आवाजाची मुलगी होती. एकदा दौऱ्यावर असताना एका गळक्या छपराच्या थिएटरात त्या मधेच अडल्या. त्या वेळच्या म्हाताऱ्या प्रॉम्प्टरने समोरच्या विंगेतून अख्खं वाक्य असं खणखणीत ओरडून सांगितलं की पुढच्या तीन रांगा हसल्या. बाई पांढऱ्याफटक पडल्या. हा अलीकडच्या विंगेत रिकामटेकडा उभा होता. त्याने वाक्य सांगितलंच नाही. ते वाक्य म्हणायच्या आधी जो श्वास घ्यावा लागतो, तेवढा नुसता घेतला, जरा ऐकू जाईल असा. बाईंची मान किंचित हलली आणि वाक्य धो धो आलं. प्रयोग संपल्यावर त्या रंग न पुसताच त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "काय केलंस तू?" "काही नाही. श्वास घेतला." "मग तो माझ्यासाठी घेत जा," त्या म्हणाल्या. एवढीच त्याची नेमणूक. तो अजून त्याच नोकरीत होता.

बाईंना कागदावरून कधी पाठ झालं नाही. शब्द कानातून आत जायला हवेत. म्हणून नवं नाटक आलं की दुपारी तो त्यांच्या घरी जायचा आणि वाचायचा. मागच्या अंगणातली वाळत घातलेली चादर खिडकीत वर-खाली व्हायची, बाई मोजे शिवत बसायच्या. हाताला काम असलं की डोकं मोकळं होतं, असं त्यांचं म्हणणं. सुरुवातीला तो भावपूर्ण वाचायला गेला तर त्यांनी सुई रोखली. "भावनेचं माझं मी बघते. तू नुसते शब्द दे. भाजी आण म्हटलं तर शिजवून नाही आणायची." तेव्हापासून तो सपाट वाचू लागला, रेल्वेचं वेळापत्रक वाचावं तसा, आणि त्या सपाट आवाजावर बाईंनी लोकांना इतकी वर्षं रडवलं. त्यांचा नवरा गेला त्या महिन्यात प्रयोग रद्द करा म्हणून सगळे सांगत होते. त्या म्हणाल्या, घरी बसले तर वेड लागेल. त्या रात्री त्यांच्या डोक्यात एकही शब्द नव्हता. तीन अंक त्याने अथपासून इतिपर्यंत विंगेतून सांगितले. तो सांगायचा, त्या ऐकायच्या, मग म्हणायच्या. मधल्या जागा भरून न येणाऱ्या, लांब लांब. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्राने त्यांच्या त्या थांबण्याची एवढी तारीफ केली की पुढच्या सगळ्या प्रयोगांत त्यांना तसंच थांबावं लागलं. ते कात्रण घेऊन त्या आल्या होत्या आणि दोघं कपडेपटात बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले होते. हसता हसता बाईंचं पाणी वेगळं झालं, हे त्याला कळलं होतं. त्याने कात्रणाची नीट घडी घालून दिली. स्वतःची वाक्यं त्याला कधी सुचलीच नाहीत.

"ते घड्याळ तुझ्या आत आहे ना रे?" चहाच्या सुट्टीत बाई सरळ येऊन त्याच्याजवळ बसल्या. त्याने इकडेतिकडे बघितलं. "हळू बोला बाई. दिग्दर्शकांना सांगू नका. शांतता मोडते म्हणून मला उठवतील. मग मी जाऊ कुठे?" बाईंनी मान कलती केली. थेट बायकोसारखी. थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "उशी काढ ती." "अहो, पण—" "काढ म्हणते ना. त्या दारापाशी मी एकटी उभी असते. किती वेळ थांबायचं, कधी वळायचं, मला काही सुधरत नाही आता. वय झालं माझं. काल तुझ्या त्या ठोक्यांवर उभी राहिले तेव्हा पहिल्यांदा ती जागा सापडली मला. उशी काढ, नाहीतर मीच सांगते जाऊन." आणि बिस्किट चहात बुडवून त्या निघून गेल्या. बुडवलेलं अर्धं बिस्किट कपातच राहिलं.

दिग्दर्शक काही दुष्ट माणूस नव्हता. वयाने लहान, अदबीने बोलणारा, पण त्याच्या कानाला काही चुकत नसे. दोन दिवसांत त्याला नळाचं खरं कारण कळलं. तो एक छोटी डबी घेऊन आला. "बाई, हे कानात घालायचं. काका वर काचेच्या खोलीत बसतील, माइकवर हळू बोलतील, तुम्हाला ऐकू येईल. त्यांनाही आराम. एवढं मोठं ऑपरेशन झालंय, विंगेतल्या धुळीत कशाला बसवायचं त्यांना?" सगळं बोलणं इतकं प्रेमाचं होतं की वाद घालायला जागाच नव्हती. बाईंनी डबी उघडून आत बघितलं. "माझ्या कानात कधी नवऱ्यालाही बडबडू दिलं नाही. आता हा किडा सोडू?" मग बरीच ओढाताण झाली. शेवटी ठरलं ते असं: पहिला प्रयोग जुन्या पद्धतीने. दिग्दर्शक शेवटच्या रांगेत बसेल. टिकटिक तिथवर आली, किंवा बाई कुठे अडल्या, तर दुसऱ्या प्रयोगापासून काचेची खोली. प्रॉम्प्टर एकदा वर जाऊन ती खोली बघून आला. तिथून स्टेज पत्त्यांच्या डब्यासारखं दिसत होतं. बाई दिसत होत्या, पण श्वास कुठला दिसायला. खाली येताना जिन्यावर तो दोनदा थांबला.

आणि बाई अडत होत्याच. ते एक वाक्य होतं, शांततेनंतरचं. आई आधी म्हणते, 'गेला.' मग वळते, आणि म्हणते, 'या घरातून कुणी उठून गेलं तरी त्याची खुर्ची मी हलवत नाही.' बाईंची जीभ नेमकी खुर्चीवर घसरायची. कधी 'बाक' म्हणत, कधी 'पलंग', एकदा तर 'त्याची छत्री मी हलवत नाही' म्हणाल्या आणि अख्खी तालीम हसून आडवी झाली. प्रत्येक वेळी तो वाक्याच्या अलीकडे श्वास घ्यायचा आणि ओठांनी नुसता 'खु' काढायचा. तेवढ्यावर गाडी रुळावर यायची. बाकी सगळं नाटक त्या एकट्या पार करतील, पण हा एक 'खु' गेला की काचेची खोली आलीच, हे त्याला माहीत होतं.

पहिल्या प्रयोगाच्या दिवशी सकाळी दाढी करताना त्याला कळलं. टिक, टिक, मग काहीच नाही, मग तीन-चार घाईघाईने, एकमेकांच्या पायात पाय घालून. त्याने वस्तरा खाली ठेवला. आरशात चेहरा नेहमीचाच होता, साबणाने अर्धा पांढरा. वासराने दावं तोडलं होतं. डॉक्टरीणबाईंचा आवाज कानात आला, ताबडतोब, चहा घेऊन नाही. त्याने तोंड धुतलं, बाहेर येऊन रेडिओ लावला आणि मोठा केला. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "आज एवढा कशाला तो?" "सहज. बातम्या." "गाणं लागलंय." "गाण्यानंतर लागतील." ती दारात येऊन उभी राहिली, मान कलती करून, पण रेडिओवरची गायिका जीव तोडून गात होती. "ठीक आहात ना?" "मला काय धाड भरलीय!" तो म्हणाला, आणि हे वाक्य इतकं चांगलं म्हटलं गेलं की तेव्हाच्या मालकांनी ऐकलं असतं तर त्याला पुन्हा भूमिका दिली असती. एकच रात्र. उद्या उठल्याबरोबर जाऊ. बायको प्रयोगाला कधी यायची नाही. "तुम्ही दिसत नाही, मग येऊन करू काय?" हे तिचं ठरलेलं उत्तर. निघताना तिने त्याच्या कोटाची वरची गुंडी लावली आणि तळवा क्षणभर छातीवर ठेवला. "लवकर या हं," ती म्हणाली. रेडिओ अजून चालूच होता.

पहिले दोन अंक निभावले. गर्दीची दृश्यं, भांडणं, खुर्च्या सरकवण्याचे आवाज. त्यात एका माणसाचं हृदय कोण ऐकतंय! त्याच्या डोळ्यांपुढे मधूनच अक्षरं पोहत होती, बोटं गार पडली होती. मध्यंतरात तो स्टुलावरून उठलाच नाही. कुणीतरी पाणी दिलं. त्याला वाटलं, हे सगळं आपण पूर्वी बघितलंय. ही रंगाच्या डब्यांची वखार, दोरांचा वास, पडद्याच्या फटीतून येणारी उजेडाची पट्टी, आणि पलीकडे अंधारात खोकणारी माणसं. इथेच आपलं वय गेलं. इथून उठवलं तर आपल्यात उरतं काय? एक टिकटिक.

तिसरा अंक. मुलगा गेला, दार लागलं. बाई दाराशी आल्या, म्हणजे त्याच्यापासून हाताच्या अंतरावर. प्रेक्षकांकडे पाठ, तोंड विंगेकडे. बराच वेळ काहीच नाही. तेवढ्या शांततेत ती टिकटिक ठेचकाळत, धडपडत चालली होती. दोन ठोके, एक खड्डा, मग धावाधाव. बाईंच्या कपाळावर आठी पडली. त्याने वर बघितलं नाही. त्याचं बोट 'गेला' या शब्दाखाली होतं.

"तुला बरं नाहीये," बाई म्हणाल्या.

त्याने संहितेत बघितलं. असं वाक्य नव्हतं. बाई वाट चुकल्या! त्याने श्वास घेतला, ओठ हलवले, "गेला."

"सकाळपासून बरं नाहीये तुला. आणि लपवून ठेवलंस."

तो हादरला. एक पान मागे, दोन पुढे. पानं चिकटली होती का? की ऑपरेशननंतर डोकं कधी कधी धुकं होतं तसं झालं, आणि मधला एक प्रवेशच आपल्या हातून निसटला? की जुनीच प्रत उचलून आणली? मानेवरून घाम ओघळत होता. अंधारात कुणीतरी नाक ओढलं. लोकांना वाटत होतं, आई गेलेल्या मुलाशी बोलते आहे. त्याने आयुष्यात केलं नव्हतं ते केलं, अख्खा शब्द आवाज काढून सांगितला. "गेला! बाई, गेला!"

"गेला नाही अजून," बाई शांतपणे म्हणाल्या. त्यांचे डोळे सरळ त्याच्या डोळ्यांत होते. "बसून राहिलाय. ऊठ. ऊठ म्हणते ना मी. माझं मी बघते."

तेव्हा कुठे त्याने स्वतःची टिकटिक ऐकली, बाईंच्या कानांनी. पानं उलटायचं त्याचं बोट थांबलं. इतकी वर्षं तो यांना वाक्यं देत आला होता, आणि हे त्यांनी त्याला दिलेलं होतं. दाराच्या चौकटीआड, प्रेक्षकांना दिसणार नाही असा, बाईंचा हात हलला. अंगणातली कोंबडी हाकलावी तसा. पडदा वर असताना तो स्टुलावरून कधी उठला नव्हता. तो उठला. संहिता तशीच उघडी, पान वर करून, स्टुलावर ठेवली. आणि भिंतीला धरून मागच्या दाराकडे निघाला.

मागच्या दारावरच्या रखवालदाराने त्याचा चेहरा बघितला आणि काही न विचारता दंड धरला. "इस्पितळ," प्रॉम्प्टर म्हणाला. "घरी पण कळवा. तिला सांगा, रेडिओ मुद्दाम लावला होता." रखवालदाराने रस्त्यावर हात करून गाडी थांबवली. आतून बाईंचा आवाज आला, "गेला." मग पावलं वळल्याचा आवाज. मग ती जागा आली, नेहमीची, जिथे त्यांची जीभ घसरायची. आत सगळं गप्प झालं. कुठेतरी शेवटच्या रांगेत दिग्दर्शक बसला असेल, पुढे झुकून. प्रॉम्प्टर दारातच अडला. त्याने श्वास घेतला. छातीचं शिवलेलं हाड ताणलं गेलं. ओठांचा चंबू झाला, 'खु' साठी.

"चला हो, काय थांबताय!" रखवालदार म्हणाला.

"या घरातून कुणी उठून गेलं," आतून बाईंचा घोगरा, भरलेला आवाज आला, "तरी त्याचं स्टूल मी हलवत नाही."

स्टेजवर स्टूल नव्हतं. शब्द साफ चुकला होता. त्याने तो दुरुस्त केला नाही. ओठ मिटले आणि गाडीत जाऊन बसला.